पाळकबाबांचे कान

पाळकबाबांना दागिन्यांवर बोलायला फार आवडायचं. घालायला नाही, बघायलाही नाही, फक्त बोलायला. वर्षातून एकदा ते चर्चमधल्या उपदेशात सलग चार-पाच रविवार हाच विषय घेत. शास्त्रात शहाणपणाला दागिन्यांच्या उपमा दिल्या आहेत, त्यातली एकेक घेऊन ते सावकाश उलगडत जात. एका रविवारी गळ्यातली माळ, म्हणजे आईवडिलांनी लहानपणी लावलेलं वळण. एका रविवारी डोक्यावरचा मुकुट. एका रविवारी डुकराच्या नाकातली सोन्याची कडी, म्हणजे अक्कल नसलेलं देखणेपण. त्या दिवशी नवीन कानातली घालून आलेल्या बायका उगाचच केस कानांवर ओढून घेत. शेवटचा रविवार कानातल्या सोन्याचा. तो त्यांचा सगळ्यांत आवडता. आपली चूक तोंडावर दाखवणाऱ्याचा राग धरू नका, त्याला दागिन्यासारखा कानाशी जपा, असं ते सांगत, आणि सांगताना त्यांचा आवाज भरून येई.

त्यांची एकुलती एक लेक दागिन्यांच्या कारखान्यात जडाईचं काम करायची. अंगठीत किंवा कर्णफुलात खडा बसवायचा आणि भोवतीच्या धातूच्या नख्या एकेक करून त्याच्यावर दाबायच्या, असं ते काम. डोळ्याला भिंग लावून ती दिवसभर मान खाली घालून बसे. तिने ही नोकरी धरली तेव्हा पाळकबाबा म्हणाले होते, "जगात दुसरी कामं नव्हती?" नंतर हा विषय त्यांनी काढला नाही आणि कारखान्यात कधी पाऊलही ठेवलं नाही. लेक स्वतः अंगावर काही घालत नसे. साखळ्या मशीनमध्ये अडकतात आणि अंगठ्या चिमटा धरताना आड येतात, एवढंच कारण होतं. पाळकबाबांची समजूत मात्र अशी, की घरचे संस्कार शेवटी कामी आले. दोन वेळा त्यांनी व्यासपीठावरून तिचं उदाहरणही दिलं होतं. ती मागच्या बाकावर बसून छताकडे बघत राहिली.

चर्चच्या मागे पाळकाला राहायला तीन खोल्या होत्या. लेक शाळेत असतानाच तिची आई वारली, तेव्हापासून तिथे हे दोघंच. जेवण, कपडे, विजेचं बिल एवढ्यावर त्यांचं बोलणं चाले, आणि त्यात दोघांपैकी कुणालाच काही कमी वाटत नव्हतं.

पाळकबाबांचे कान नेमके कधी गेले, हे कुणालाच सांगता आलं नसतं. ज्याचं काम बोलण्याचं, त्याचे कान गेलेले लवकर कळत नाहीत. उपासनेत बोलायचं त्यांनी, ऐकायचं इतरांनी. गाणी त्यांना पाठ होती. लोक भेटायला येत तेव्हा ते मान हलवत, डोळ्यांत डोळे घालून बघत आणि योग्य वाटेल तिथे "अरेरे" किंवा "देवाची कृपा" म्हणत. इतकं मन लावून ऐकणारा पाळक दुसरा मिळणार नाही, असं लोक म्हणू लागले. एका लग्नात नवरदेवाला नुसता खोकला आला. पाळकबाबांनी तोच होकार समजून पुढचा विधी सुरू केला. लोक हसले. नवरदेवाने बिचाऱ्याने आपलं आपणच नंतर हळूच "हो" म्हणून घेतलं.

लेकीने विषय काढून पाहिला.

"बाबा, एकदा कान दाखवून घ्या."

"हो, हो, तेच पान वाचतोय," असं म्हणून त्यांनी हातातलं पुस्तक तिच्यापुढे धरलं.

"पान नाही. कान!"

"मग ओरडतेस कशाला? हल्ली सगळेच तोंडातल्या तोंडात बोलतात आणि समजलं नाही की ओरडतात."

तिने नाद सोडला.

कारखान्यात लेकीच्या शेजारच्या जागेवर पॉलिशवाली बसायची. वयाने चार-सहा वर्षांनी मोठी. फिरत्या मोटारीच्या ब्रशवर दागिना धरून चकाकी आणायची हे तिचं काम. संध्याकाळपर्यंत नाक, भुवया, नखं सगळं काळं होई. ती याच चर्चची. तिचा नवरा चर्चमध्ये दानाची थैली फिरवायचा, नेहमी इस्त्रीच्या कपड्यांत आणि पहिल्या बाकावर. सगळ्यांना वाकून नमस्कार करणारा माणूस.

एका शनिवारी ती एकटीच पाळकबाबांना भेटायला गेली. चर्चच्या कडेच्या छोट्या खोलीत ते बसले होते. पंखा खडखडत होता आणि पलीकडे गायकमंडळींचा सराव चालू होता. ती खुर्चीच्या कडेवर टेकली. हे बोलणं तिने आजवर कुणाजवळ केलं नव्हतं, त्यामुळे आवाज फुटत नव्हता.

"पाळकबाबा," ती म्हणाली, "नवरा मारतोय."

पाळकबाबांनी ऐकलं, नवरा मरतोय.

त्यांचा चेहरा एकदम हळवा झाला. "अरेरे," ते म्हणाले. "कधीपासून?"

"लग्न झाल्यापासूनच. पण हल्ली फार वाढलंय."

"वाढलंय," त्यांनी मान हलवली. एवढाच शब्द त्यांना ऐकू आला होता. "डॉक्टरांकडे गेला होतात?"

"एकदा गेले. जिन्यावरून पडले म्हणून सांगितलं."

यातलं 'सांगितलं' तेवढं त्यांना ऐकू आलं. डॉक्टरांनी काय सांगितलं असेल, ते तिच्या चेहऱ्यावर दिसतच होतं. ते पुढे झुकले. "मग आता त्याला सोडून जाऊ नकोस, मुली. तो चिडेल, वाटेल ते बोलेल. मनावर घेऊ नकोस. अशा वेळी माणूस आपल्या ताब्यात नसतो. थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे. तू जे सोसते आहेस ना, तोच तुझ्या गळ्यातला खरा दागिना."

मग डोळे मिटून त्यांनी तिच्या नवऱ्याला शांती मिळावी म्हणून प्रार्थना केली.

ती घरी गेली. थोड्याच दिवसांचा प्रश्न म्हणजे काय, हे तिला उमगलं नाही. पण इतक्या मोठ्या माणसाने विचार करूनच सांगितलं असणार, असं तिने स्वतःला बजावलं. बहिणीकडे जायचं म्हणून बांधून ठेवलेलं गाठोडं सोडून तिने कपडे पुन्हा कपाटात लावले.

दुसऱ्या दिवशी रविवार. उपासना संपल्यावर दारात उभं राहून लोकांना निरोप देताना पाळकबाबांसमोर तिचा नवरा आला. धडधाकट, गाल गुळगुळीत, हातात दानाची थैली. पाळकबाबा क्षणभर बघतच राहिले. मग त्यांनी त्याचा हात दोन्ही हातांत घेतला.

"कालच तुमच्या बायकोने मला सगळं सांगितलं," ते म्हणाले. आवाजाला आपसूकच व्यासपीठाची धार आलेली. "फार सोसते हो बिचारी. आणि आज तुम्ही असे उभे! मी तुमच्यासाठी रोज प्रार्थना करतोय."

नवरा पांढराफटक पडला. पाळकबाबांना वाटलं, अजून अशक्तपणा आहे.

त्या दुपारी त्याने तिचा डावा हात मोडला.

ती कामावर परतली तेव्हा हात कोपरापासून प्लॅस्टरमध्ये होता आणि गळ्यातून कापडाची झोळी बांधलेली होती. मालकीणबाईंनी तिला परत पाठवलं नाही, खड्यांचं वजन करून पुड्या बांधायला बसवलं. जेवणाच्या सुट्टीत बाकीचे खाली गेले. लेकीने भिंग काढून ठेवलं आणि विचारलं, "ताई, काय झालं?"

"पडले."

"खरं सांगा."

पॉलिशवालीने हातातली पुडी खाली ठेवली. "खरं ऐकून तुला आवडणार नाही. तुझ्या वडिलांकडे गेले होते. त्यांनीच सांगितलं, सोडून जाऊ नकोस. गळ्यातला दागिना म्हणाले. आणि दुसऱ्याच दिवशी त्याला जाऊन सांगितलं, की हिने मला सगळं सांगितलंय. पाळकाने असं करावं?"

लेकीला हे पटेना. वडील हट्टी होते, आपल्याच बोलण्यावर खूश होणारे होते, पण चुगली करणारे नव्हते. "तुम्ही त्यांना नेमकं काय म्हणालात? जसंच्या तसं सांगा."

"काय म्हणणार? म्हटलं, नवरा मारतोय."

"आणि ते काय म्हणाले?"

"अरेरे म्हणाले. डॉक्टरांकडे गेला होतात का म्हणाले. थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे म्हणाले."

लेकीने 'मारतोय' आणि 'थोड्याच दिवसांचा प्रश्न' हे मनात एकापुढे एक ठेवून पाहिलं. मग हलक्या आवाजात म्हणाली, "त्यांनी मरतोय ऐकलं."

पॉलिशवालीला कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर ती हसली. हसताना हात हलला, कळ आली, तरी ती हसतच होती. मग थांबली आणि म्हणाली, "म्हणजे मी एवढं बळ एकवटून गेले, आणि ते पोचलंच नाही."

लेक संध्याकाळी घरी आली तेव्हा पाळकबाबा खिडकीशी बसून पुढच्या रविवारची तयारी करत होते. ती पिशवी न ठेवताच त्यांच्यासमोर उभी राहिली. रागाची गोष्ट शांतपणे सांगायचं तिने वाटेत ठरवलं होतं, पण शांतपणे सांगितलेलं त्यांना ऐकू येणार नव्हतं. त्यामुळे सगळं ओरडूनच सांगावं लागलं. खिडकी उघडी होती. रस्त्यावरून जाणारी दोन माणसं थांबून पुढे गेली.

"मारतोय, बाबा! मारतोय! मरतोय नाही!"

"मी माझ्या कानांनी ऐकलंय."

"तुम्ही काही ऐकलं नाही! तुम्हाला कित्येक महिने काही ऐकू येत नाही! तुम्ही नुसती मान हलवता! तुमच्या शब्दावर ती घरी राहिली, आणि तुमच्याच शब्दाने तिचा हात मोडला!"

पाळकबाबा उभे राहिले. "दागिन्यांच्या कारखान्यात बसणाऱ्या पोरीने मला शिकवायचं? मला?"

"कुणीतरी शिकवायला नको? चूक दाखवणाऱ्याला कानाशी जपा म्हणून दरवर्षी लोकांना सांगता. मी दाखवतेय. जपा आता!"

एवढं बोलून ती आत गेली आणि भांडी जोरजोरात घासू लागली. ते भांड्यांचे आवाजही आपल्याला येत नाहीत, हे पाळकबाबांच्या लक्षात आलं. दारातून ती दिसत होती, हात आपटताना दिसत होता, पातेलं ओट्यावर आदळताना दिसत होतं. आवाज नव्हता. ते तसेच बघत उभे राहिले. आजवर या खोलीत, त्या खोलीत, दवाखान्यातल्या खाटांशेजारी, कितीतरी माणसं त्यांच्यासमोर ओठ हलवत बसली होती. कुणाच्या कशाला आपण मान हलवली, हे आता शोधून काढायचा मार्ग नव्हता.

सकाळी चहा घेताना त्यांनी विचारलं, "तो कानाचा दवाखाना कुठे आहे?"

दवाखान्यात एका काचेच्या खोलीत त्यांना बसवलं. आवाज आला की बटण दाबायचं. ते खूप वेळ बटण हातात धरून वाट बघत राहिले. बाहेर आल्यावर तपासणाऱ्या मुलीने लेकीला आलेख दाखवला. त्यातली रेघ डोंगरावरून घसरल्यासारखी खाली गेली होती. आठवड्याने यंत्र मिळालं. कानामागे बसणारं, शेंगदाण्याएवढं. पहिले दोन दिवस पाळकबाबा हैराण झाले. वर्तमानपत्राची पानं कडाडत, चमचे ठणठणत, स्वतःचीच पावलं मागे कुणी चालत असल्यासारखी वाटत. सगळ्यांत जास्त धक्का त्यांना स्वतःच्या आवाजाने दिला. तो त्यांना वाटत होता त्याहून फार गोड होता.

तिसऱ्या दिवशी ते कारखान्यात गेले. लेकीने त्यांना दारातच पाहिलं आणि काही न बोलता आत आणलं. लांबट खोली, दोन्ही बाजूंना मेजं, मेजांच्या कडेला चामड्याच्या झोळ्या, खाली पडणारा कीस धरायला. मोटारी फिरत होत्या, कुणीतरी ठोकत होतं, कोपऱ्यात जाळाची फुंकणी फुरफुरत होती. यंत्र लावलेल्या माणसाला ही जागा म्हणजे शिक्षाच. लेकीने खूण करून सांगितलं, की ते काढून ठेवा किंवा आपण बाहेर जाऊ. त्यांनी मान हलवली नाही. "नको," असं तोंडाने म्हणाले.

पॉलिशवाली पुड्या बांधत होती. ती उठली नाही.

"मी माफी मागायला आलोय," पाळकबाबा म्हणाले.

"कशाची?" तिने विचारलं. "ऐकू आलं नाही याची, की ऐकू आल्यासारखं केलंत याची?"

"दुसरी."

ती एका हाताने पुडी बंद करायचा प्रयत्न करत होती. ती सुटत होती. "मी त्या दिवशी जे बोलले, ते आता पुन्हा सांगितलं तर ऐकाल?"

"सांग."

मग तिने सांगितलं. या वेळी आवाज लहान नव्हता. मोटारींवरून पोचावा म्हणून तिने तो चढवला होता, त्यामुळे शेजारच्या मेजांवरचे हात एकेक करून थांबत गेले. पाळकबाबांनी मध्ये अरेरे म्हटलं नाही. यंत्र दोनदा शिट्टीसारखं वाजलं, तेव्हा त्यांनी फक्त हात वर करून तिला थांबवलं, ते नीट बसवलं आणि म्हणाले, "जिन्यापर्यंत आली होतीस. पुढे?"

तिचं सांगून झालं.

"काही सांगणार नाही आता?" तिने विचारलं.

"नाही."

"मग मी सांगते. मी बहिणीकडे राहायला गेलेय. परत जाणार नाही. पोलिसांत तक्रार दिलीय. आणि तो दर रविवारी पहिल्या बाकावर बसून थैली फिरवतो, ते मला बघवत नाही."

पाळकबाबा त्याच संध्याकाळी चर्चच्या कमिटीच्या अध्यक्षांकडे गेले. अध्यक्षांनी नवऱ्याला थैलीच्या कामावरून काढायला नकार दिला. घरातल्या भांड्याला भांडं लागलं, त्यात चर्चने कशाला पडायचं, असं त्यांचं मत होतं. "आणि पाळकबाबा," अध्यक्ष आपल्या बायकोकडे वळून अगदी पुटपुटत म्हणाले, "आता म्हातारे झालेत."

"तेही ऐकू आलं," पाळकबाबा म्हणाले.

रविवारी ते व्यासपीठावर उभे राहिले. कानातल्या सोन्याचा तो रविवार होता. लोकांना विषय ठाऊक होता. त्यांनी उपमेचा अर्थ सांगितला नाही. आपण बहिरे झालो होतो आणि ते लपवलं, हे सांगितलं. एका बाईने मदत मागितली, ती ऐकून न घेताच आपण सल्ला दिला, तिला दागिन्याची उपमा ऐकवली, आणि त्यामुळे तिचा हात मोडला, हे सांगितलं. नाव कुणाचंच घेतलं नाही. शेवटी म्हणाले, "गेल्या वर्षभरात तुमच्यापैकी जे कुणी माझ्याशी काही बोलले असाल, त्यांनी कृपा करून पुन्हा या. मला ते पोचलेलं नाही."

पहिल्या बाकावरचा नवरा गाणं संपायच्या आत निघून गेला आणि परत आला नाही. दोन कुटुंबंही येईनाशी झाली. व्यासपीठावरून घरगुती गोष्टी बोलतात म्हणून कमिटीने वर्षअखेरीस निवृत्त व्हायला सुचवलं. पाळकबाबांनी वाद घातला नाही. तोवर रोज संध्याकाळी त्या छोट्या खोलीत माणसं येत राहिली. पंखा बंद ठेवलेला असे. काही जण तर नुसते यंत्र बघायला येत.

कोर्टात पाळकबाबांना साक्षीला बोलावलं. नवऱ्याच्या वकिलाने विचारलं, "या बाईने तुम्हाला नेमकं काय सांगितलं?"

"त्या दिवशी काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही."

वकील न्यायाधीशांकडे बघून हसले. "म्हणजे तुम्हाला काहीच माहीत नाही."

"तिने मला सगळं सांगितलं, असं मी यांना चर्चच्या दारात म्हणालो. ते ऐकून हे पांढरे पडले. ते मी पाहिलं. डोळे शाबूत आहेत माझे. आणि त्या दुपारनंतर तिचा हात मोडलेला आहे."

नवऱ्याने तिच्या आसपास फिरकायचं नाही, असा हुकूम झाला. पुढची केस बराच काळ चालली. पॉलिशवालीचा हात बरा झाला, पण मनगटात ताकद आली नाही. मोटारीवर दागिना दाबून धरणं तिला जमेना. मालकीणबाईंनी तिला जडाईच्या मेजावर हलवलं. लेकीने शिकवलं. पहिल्या महिन्यात तिने चार खडे तडकवले, मग हात बसला.

निवृत्तीनंतर बापलेक दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहायला गेले. त्यांच्यात फार गोडी आली असं नाही. उलट भांडणं वाढली. लेक आजवर मनातल्या मनात किंवा पाठ फिरवून जे जे पुटपुटायची, ते आता सगळं ऐकू जाऊ लागलं. परवा ती कामावर निघताना चपला घालता घालता काहीतरी बोलली.

"काय म्हणालीस?" पाळकबाबांनी विचारलं.

"काही नाही."

"म्हणालीस. अर्धं ऐकलंय मी. अर्ध्यावरून आता मी काही ठरवत नाही. पूर्ण सांग."

लेक थांबली. "म्हटलं, निवृत्त माणसाने दिवसभर खुर्चीत बसून राहण्यापेक्षा निदान दुपारचे कपडे वाळत घालावेत. आणि झटकून घालावेत. मागे घातले होते त्यांना सगळ्या चुण्या पडल्या."

पाळकबाबांना राग आला. तो त्यांच्या कपाळावर दिसत होता. "चिमटे कुठे ठेवतेस?" त्यांनी विचारलं.

"दोरीलाच आहेत," ती म्हणाली आणि जिना उतरून गेली.